नाहीचा रकाना

माझं अक्षर चांगलं आहे. मोत्यासारखं वगैरे नाही, पण सरळ, ठसठशीत, रकान्याच्या बाहेर न जाणारं. माझ्या हातून जे वाटोळं झालं त्याची सुरुवात या अक्षरापासून होते, म्हणून आधी तेच सांगून टाकते.

नेरपासून एसटीनं पाऊण तासावर आमचं गाव. गावाच्या कडेला आम्हा बौद्धांची वस्ती, तीस-पस्तीस घरं. आम्हाला शेत नव्हतं. बाबा नेरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. माय, मी आणि माझी धाकटी बहीण हंगामात लोकांच्या शेतात वेचणीला जायचो. कापसाचे दिवस फिरले तसं जिनिंग दरसाल उशिरा सुरू व्हायला लागलं आणि लवकर बंद पडायला लागलं. मग बाबा दिवसभर दारात बसून राहायचे. काम नसलं की आपले हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळायचं नाही. कधी मांडीखाली घ्यायचे, कधी डोक्यामागं. मला त्या हातांकडं पाहवत नसे, आणि पाहवत नसे म्हणून मी चिडायची. माझं सगळं दुःख असं रागाच्याच दारातून बाहेर येतं, आजही.

त्या वर्षांत गावात दोन गोष्टी यायच्या. कुणाच्या तरी घरून रडण्याचा आवाज, आणि त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी जीपगाडी. जीपमधून सर्वेवाले उतरायचे. कधी सरकारी, कधी संस्थांचे, कधी शहरातल्या कॉलेजातली पोरं. ते फक्त शेतकऱ्यांच्याच घरी जायचे नाहीत, आमच्या वस्तीतही यायचे. त्यांच्याकडं छापील कागद असायचे आणि त्यावर प्रश्न. झोप लागते का? जेवण जातं का? लोकांत मिसळावंसं वाटतं का? पुढं काही चांगलं होईल असं वाटतं का? प्रत्येक प्रश्नासमोर दोन रकाने, होय आणि नाही.

पहिल्या सर्वेला आमच्या लोकांनी मोठ्या तोऱ्यात उत्तरं दिली. ‘लागते ना जी झोप. काहून नाही लागणार?’ परक्या माणसासमोर रडगाणं गायचं म्हणजे लाज. सगळ्या वस्तीनं होय, होय, होय असं सांगितलं आणि सर्वेवाल्यांना चहा पाजून पाठवून दिलं. सहा महिन्यांनी शेजारच्या गावात शिवणयंत्रं आली, शेळ्या आल्या. आमच्याकडं काही आलं नाही. माय तिकडं जाऊन विचारून आली, तर त्या गावच्या बायांनी सांगितलं, आम्ही सगळं नाही म्हटलं होतं.

तेव्हापासून वस्तीतले कागद माझ्याकडं यायला लागले. मी तेव्हा दहावीत होते. सर्वेवाल्यांनाही बरं वाटायचं, प्रत्येक घरी बसून विचारण्यापेक्षा ‘तू शिकलेली दिसतेस, तूच भर’ म्हणून ते चावडीवर जाऊन बसायचे. मी ओळीनं नाहीवर खुणा करत जायची. एक म्हातारी म्हणाली, ‘माय, मले तं झोप लागते वो. दुपारीबी लागते.’ मी म्हटलं, ‘आजी, तू गप्प राय.’ पुढच्या खेपेला तिच्या दारात शेळी आली.

पण सगळेच नाही म्हणाले तर सर्वेवाल्यांना संशय येतो, हेही आम्ही शिकलो. मग वस्तीत रीतच पडली. दर सर्वेला एका घरानं होय घ्यायचं. त्या घरानं सगळ्यावर होयची खूण करायची, म्हणजे बाकीच्यांचं खरं वाटतं. त्या घराला त्या वेळी काही मिळायचं नाही, ते पुढच्या खेपेला. ही पाळी होती, पाण्याच्या पाळीसारखी, आणि ती कधी कुणी मोडली नाही. आता हे सांगताना हसू येतं. पण माणसाला आपलं दुःखसुद्धा आळीपाळीनं दाखवावं लागावं, याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आताही येतो.

आता बहिणीबद्दल.

ती माझ्याहून वर्षानं लहान, पण आम्ही एकाच वर्गात होतो. सातवीच्या परीक्षेत मी गुरुजींशी भांडून कोरा पेपर ठेवून घरी निघून आले होते, त्याचा हा प्रताप. ती मला ‘बाई’ म्हणायची. दिसायला आम्ही सारख्या, स्वभावानं उत्तर-दक्षिण. वेचणीच्या वेळी बायका एकेक ओळ धरून पुढं सरकतात, त्याला पात धरणं म्हणतात. मी पात धरली की खाली मान घालून कुणाशी न बोलता शेवटापर्यंत जायची. माझा कापूस नेहमी स्वच्छ, काडीकचरा नाही, आणि मुकादमीण खूश. बहीण मात्र मध्येच दुसऱ्याच्या पातीत असायची. कुणाला बोंडाची टोकं बोटात घुसली, कुणाला उन्हानं घेरी आली, कुणाचं लेकरू कापसाच्या पऱ्हाटीच्या सावलीत रडतंय, की ही निघाली. तिच्या ओच्यात जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणि हळदीची पुडी कायम असायची. मी ओरडायची, ‘तुयी पात कोण पुरी करन?’ ती म्हणायची, ‘तू हायेस ना, बाई.’ आणि खरंच, तिची पात मीच पुरी करायची.

गावातली एक बाई नवरा गेल्यावर बोलेनाशी झाली. त्या वर्षांत बाया अशाच एकाएकी विधवा व्हायच्या, कसं ते कुणी विचारायचं नाही. ही बाई नऊ दिवस भिंतीला टेकून बसली होती. पाणी प्यायची, भाकर खात नव्हती. सगळ्यांनी समजावून झालं. मायनं आम्हा दोघींना ताट घेऊन पाठवलं. मी ताट घेऊन दारात उभी राहिले आणि म्हणाले, ‘काकू, खाऊन घे, आमाले वेळ नाही.’ बहीण आत गेली आणि तिच्या पुढ्यात पाठ करून बसली. वेणी सोडली आणि म्हणाली, ‘काकू, माया डोक्यात लय उवा झाल्या. पाहून दे ना वो.’ बराच वेळ काही झालं नाही. मग त्या बाईचा हात हळूहळू वर आला. ती उवा पाहायला लागली. पाहता पाहता रडायला लागली, मोठ्यानं, आणि रडणं झाल्यावर तिनं अर्धी भाकर खाल्ली. मी सगळा वेळ दारातच उभी होते, ताट धरून, हात अवघडलेत म्हणून मनात चरफडत.

मंगळवारी गावात आरोग्य केंद्रातली नर्सबाई यायची. तिच्या लशीचा डबा घेऊन घरोघर हिंडायचं काम बहिणीनं आपणहून अंगावर घेतलं होतं. नर्सबाई मायला म्हणाली होती, ‘हिला नर्सिंगला घाला. ही पोरगी त्यासाठीच आहे.’ त्या दिवसापासून बहिणीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पण बाबांनी सांगितलं होतं की बारावीपर्यंतच, पुढचं झेपणार नाही. घाटंजीकडचं एक स्थळही येऊन बसलं होतं. माय त्यांना ‘पोरीची बारावी होऊ द्या’ म्हणून थोपवत होती. बारावी संपली की दार बंद होणार होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तिलाही. ती रोज हसायची, पण दिवस मोजायची.

बारावीच्या थंडीत नेरच्या आमच्या शाळेत यवतमाळच्या एका संस्थेचे एक सर आणि एक मॅडम आल्या. त्यांनी सगळ्या मुलींना एकेक कागदांचा गठ्ठा वाटला. सर म्हणाले, ‘यात बरोबर-चूक काही नाही. मनात येईल ते लिहा. कुणाच्या स्वभावाला कोणतं काम जुळतं ते यातून कळतं.’

बरोबर-चूक काही नाही, हे आम्ही प्रत्येक सर्वेवाल्याच्या तोंडून ऐकलं होतं. आणि कागदावरचा पहिलाच प्रश्न होता, ‘तुम्हाला लोकांत मिसळायला आवडतं का?’ समोर होय आणि नाही.

अख्ख्या वर्गानं वळून माझ्याकडं पाहिलं. आसपासच्या पाच-सहा गावच्या पोरी, सगळ्या त्याच जीपगाड्यांच्या हाताखालून गेलेल्या. मी मान हलवली आणि बाकाखाली बोटानं दाखवलं. नाही. सर आमच्या गुरुजींबरोबर चहाला गेले, मॅडम खिडकीशी उभ्या राहून फोनवर बोलायला लागल्या, आणि मी कामाला लागले. ज्यांना वाचायला जड जात होतं त्यांचे कागद मी भरले. हात सरावलेला होता, प्रश्न वाचायचीसुद्धा गरज नव्हती.

बहीण माझ्याच बाकावर होती. ती पेन धरून थांबली होती. म्हणाली, ‘बाई, इथं लिवलं हाये, आजारी माणसाजवळ बसायला आवडतं का. यावर मी होय करतो.’

‘एक होय केला का सारा कागद बाद होते.’

‘पण मले आवडते ना.’

मी तिच्या हातातून कागद ओढून घेतला. ‘तुले काय आवडते ते कोणी इचारून नाही राह्यलं. आपल्याले काय पायजे ते इचारून राह्यले.’

हे वाक्य मी इतक्या ठसक्यात बोलले की तिनं पेनही देऊन टाकलं. मी तिच्या कागदावर वरपासून खालपर्यंत नाही, नाही, नाही केलं. आजारी माणसाजवळ बसायला आवडतं का, नाही. अनोळखी माणसाशी बोलता येतं का, नाही. दुसऱ्याचं दुःख पाहून मदत करावीशी वाटते का, नाही. वाचलं मी ते सगळं, तिच्यापुरतं वाचलं. तरीही केलं.

मग माझा कागद राहिला. सगळ्या वर्गाचे नाही झाले होते, कुणीतरी होय घ्यायला हवं होतं. पाळी लावायला वेळ नव्हता. मी मनात म्हटलं, जाऊ दे, या वेळी मीच घेते. आणि सगळ्यावर होय केलं. त्या वेळी मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला होता. सगळ्या वर्गासाठी आपण आपल्यावर पाणी सोडलं, असं वाटलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी होते आणि तो शहाणाही मीच होते.

महिन्याभरानं निकाल आला. गुरुजींनी तो वर्गात वाचून दाखवला. सगळ्या मुली एकाच गटात निघाल्या होत्या. एकलकोंड्या, भित्र्या, लोकांत मिसळायला कचरणाऱ्या. त्यांच्यासाठी घरबसल्या करण्याजोगी कामं सुचवली होती. अगरबत्ती वळणं, शिवणकाम, शेळीपालन. शेळीचं नाव ऐकल्यावर मागच्या बाकावरच्या पोरी खुसुखुसु हसल्या, त्यांना वाटलं जमलं. मग गुरुजींनी पुढचं वाचलं. एकच मुलगी वेगळ्या गटात होती. मनमिळाऊ, धीराची, सेवाभावी. तिला यवतमाळच्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला जागा मिळणार होती, राहण्याजेवण्यासकट. शाळेमागं एक जागा.

गुरुजींनी माझं नाव घेतलं तेव्हा वर्ग आधी हसला. मनमिळाऊ आणि मी! मग हळूहळू हसू थांबलं, कारण सगळ्यांनी माझ्या शेजारी पाहिलं. मी मात्र तिकडं पाहिलं नाही. बाकावर तिचा हात होता तेवढा दिसला, ती नखानं बाकाचं लाकूड खरवडत होती.

घरी बाबा ऐकून उठून उभे राहिले. कितीतरी महिन्यांनी त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळलं, त्यांनी ते माझ्या डोक्यावर ठेवले. ‘एक तरी सुटली,’ म्हणाले. माय बहिणीकडं पाहत राहिली. बहीण म्हणाली, ‘बाईचं झालं ना, बेस झालं,’ आणि चुलीकडं वळली.

तिला यवतमाळला घेऊन जायचं हे मीच ठरवलं. संस्थेत जाऊन सांगायचं की तिचा कागद मी भरला, ते खोटं होतं, तिला पुन्हा बसवा. एसटीत सबंध वाटभर मी ते मनात घोकत होते. मला ती जागा नको होती. आजारी माणूस पाहिला की मला कणव येत नाही, भीती वाटते, आणि भीती वाटली की राग येतो. मी एखाद्या कचेरीत रजिस्टरं भरायला जन्मले होते. हे मला माहीत होतं आणि तिला तर त्याहून माहीत होतं.

संस्थेची कचेरी एका दुकानाच्या वर होती. भिंतीवर चार गटांचा मोठा तक्ता, प्रत्येक गटात हसऱ्या माणसांची चित्रं. तिथले सर वयस्क होते, चांगले होते, त्यांनी आम्हाला पाणी दिलं. मी म्हणाले, ‘सर, माझ्या बहिणीचा कागद चुकीचा झाला आहे.’

‘यात चूक होत नसते, ताई. हे स्वभावाचं शास्त्र आहे.’ त्यांनी गठ्ठ्यातून तिचा कागद शोधून काढला. ‘पाहा. कुठंच गोंधळ नाही, सगळी उत्तरं एका दिशेनं आहेत. इतका स्पष्ट कागद फार कमी येतो.’

मग थांबून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. ‘हा दुसऱ्या कुणी भरला असं म्हणायचं आहे का तुम्हाला? तसं असेल तर सांगा. पण मग तुमच्या शाळेचे सगळेच कागद बाद होतील. ती एक जागाही दुसऱ्या शाळेला जाईल. आमचाही नाइलाज आहे.’

मी गप्प बसले.

त्या गप्प बसण्याला मी पुढं वर्षानुवर्षं चांगली नावं दिली. मी सांगितलं असतं तर दोघीही राहिल्या असत्या. एक तरी सुटावी. बाबांचे हात. हे सगळं खरंच आहे, पण त्या खुर्चीत यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. मला फक्त पऱ्हाटीची लांबच लांब ओळ दिसत होती आणि तिच्यात मी नव्हते. एवढंच दिसलं.

सर बहिणीकडं वळले. त्यांनी तिच्यासमोर कागद धरला आणि समजावून सांगावं तसं एकेक वाचलं. ‘आजारी माणसाजवळ बसायला आवडतं का? नाही. दुसऱ्याचं दुःख पाहून मदत करावीशी वाटते का? नाही. ही तुमचीच उत्तरं आहेत ना?’

मी तिच्याबद्दल काय काय लिहिलं ते तिनं तिथं पहिल्यांदा ऐकलं. ती माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी बोलले असते, रागाला उत्तर द्यायला मला येतं. ती नुसती वाट पाहत होती. मी तक्त्यावरच्या हसऱ्या चित्रांकडं पाहत राहिले.

‘हो जी,’ ती म्हणाली. ‘मायीच हायेत. मले लोकायचा भेव वाटते.’

आणि लोकांना भिणारी ही पोरगी जिना उतरताना एका म्हातारीची पिशवी हातात घेऊन तिला गुडघे कधीपासून दुखतात ते विचारत होती. मला तिथंच जिन्यात बसून ओरडावंसं वाटलं. पुन्हा वर जायला दहा-बारा पायऱ्या होत्या. मी गेले नाही.

स्टँडवर आम्ही आलुबोंडे घेतले. खाता खाता ती म्हणाली, ‘बाई, सुई टोचतानी माणसाशी बोलत राह्यजो. मंग त्याले कळत नाही. आपली नर्सबाई असंच करते.’ मी हातातलं खाली ठेवलं. माझा अर्धा आलुबोंडाही मग तिनंच खाल्ला.

उन्हाळ्यात तिचं घाटंजीकडं लग्न झालं. नवरा चांगला आहे, तीही त्याच्याबरोबर लोकांच्या शेतात जाते. मी नर्स झाले. माझी रजिस्टरं बिनचूक असतात, औषधाच्या वेळा चुकत नाहीत, वरिष्ठ माझं उदाहरण देतात. आणि पेशंट मला घाबरतात. मी वॉर्डात शिरले की बोलणारी माणसं गप्प होतात. मी सुई टोचताना बोलायचा खूप प्रयत्न केला, पण माझ्या तोंडून ‘हात हलवू नका’ याशिवाय काही निघत नाही. सुरुवातीची वर्षं मी रोज बाथरूममध्ये जाऊन रडले आहे. पुढं रडणं थांबलं, पण काम आवडायला लागलं असं मात्र झालं नाही. स्वभावाला काम जुळवून द्यायला निघाले होते ते, आणि मी एका कागदात दोन जन्म अदलाबदल करून टाकले.

तीन वर्षांपूर्वी माय माझ्याच वॉर्डात होती, छातीत कफ भरून. बहीण सोबतीला आली, अकरा दिवस राहिली. पहिल्या दिवशी ती मायच्या खाटेपाशी होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेपाशी. तिसऱ्या दिवसापासून सबंध वॉर्ड तिला हाका मारायला लागला. मी पांढऱ्या कपड्यांत टेबलाशी बसलेली असायची आणि लोक माझ्यावरून मान उंच करून विचारायचे, ‘ते बाई कुठी गेली?’ एक म्हातारी गोळ्या थुंकून टाकायची, दोन दिवस मी तिच्यावर ओरडत होते. बहीण तिच्यापाशी पाठ करून बसली आणि वेणी सोडली. मी टेबलावरून पाहिलं आणि रजिस्टर उघडं टाकून बाहेर गेले. आत आले तेव्हा म्हातारीनं गोळ्या घेतल्या होत्या.

दहाव्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, ‘या कोण? नव्या स्टाफ का?’

‘माझी बहीण आहे, सर.’

‘कुठं असतात कामाला?’

‘शेतात. वेचणीला.’

डॉक्टर हसले. ‘या नर्सिंगला कशा गेल्या नाहीत?’

बहीण दोन पावलांवर होती, एका लेकराचा हात सुईसाठी धरून त्याच्याशी बोलत होती. खरं सांगायला या वेळी काहीच अडचण नव्हती. कुणाची जागा जाणार नव्हती, कुणाचा कागद बाद होणार नव्हता. आणि मी म्हणाले, ‘तिला आवड नव्हती, सर.’

तिचं बोलणं क्षणभर थांबलं. मग ती पुन्हा लेकराशी बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी मायला सुट्टी मिळाली. काही दिवस माय तिच्याकडं राहणार होती. मी दोघींना स्टँडवर सोडायला गेले. माय गाडीत बसली, बहीण पिशव्या चढवून पुन्हा खाली आली. म्हणाली, ‘बाई, पोरगी दहावीले हाये. तिच्या शायेत तो कागद येऊन राह्यला म्हणते. कोणाले कोणतं काम जमन ते सांगणारा.’

एवढ्या वर्षांत तिनं त्या कागदाचं नाव पहिल्यांदा काढलं होतं. मला वाटलं, आता तरी काही करता येईल, काही फेडता येईल. मी घाईघाईनं बोलायला लागले. ‘मी येते. रजा टाकून येते. तिला नीट समजावून सांगते कुठं काय लिहायचं. तू काळजी करू नको, या वेळी मी...’

‘नको, बाई,’ ती म्हणाली. तिनं माझा हात धरला, वॉर्डात त्या लेकराचा धरला होता तसाच, सुई टोचायच्या आधी धरतात तसा. ‘तू येऊ नको, हेच सांगाले थांबलो मी. तिचं तिले भरू दे.’

कंडक्टरनं घंटी दिली. ती चढली, खिडकीत बसली आणि नेहमीसारखं हसून हात केला.

‘बरं,’ मी म्हणाले, पण ते तिला ऐकू गेलं नसावं. गाडी घाटंजीच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी मी तिथंच उभी होते, आणि त्या दिवशी माझ्या नोकरीत पहिल्यांदा मी ड्यूटीला उशिरा पोचले.